‘बंद पडत चाललेला धंदा’ म्हणायचं नाही! एका स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानाची फिल्म आणि त्यामागचा इतिहास

हा एपिसोड तुम्ही बहुतेक फोनवरच ऐकताय किंवा वाचताय, तर आधी त्या फोनकडेच बघा. समोरच्या काचेच्या कडेने एक काळी चौकट दिसते ना? ती काच काळी नसते. काचेच्या मागच्या बाजूने तिथे शाई लावलेली असते आणि बऱ्याच फोनमध्ये ती स्क्रीन प्रिंटिंगने लावतात. म्हणजे काय, तर एक ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, आणि रबरी पट्टीने ती शाई जाळीतून खाली दाबायची. बास, एवढंच.

हेच काम पुण्यात नारायण पेठेतल्या एका बोळात, दहा बाय बाराच्या खोलीत, रोज सकाळी साडेदहाला सुरू होतं. फोनच्या कारखान्यात ते यंत्र करतं, इथे एक काका आणि एक मावशी करतात. गेले चार महिने मी आणि माझे दोन मित्र, शनिवार-रविवार मिळून, या दुकानावर बारा मिनिटांची डॉक्युमेंटरी करतोय. कॅमेरा म्हणजे दोन फोन, एक ट्रायपॉड, कॉलरला लावायचा एक माइक. त्या निमित्ताने जे वाचलं, पाहिलं, ते आज सांगतो.

दुकानाचं आणि माणसांचं नाव या एपिसोडमध्ये येणार नाही. फिल्ममध्ये येईल. काकांनी शूटिंगला हो म्हणताना एकच अट घातली होती. ते म्हणाले, "काय दाखवायचं ते दाखवा, पण ‘बंद पडत चाललेला धंदा’ असं म्हणायचं नाही. उद्या कोणी ते बघितलं की त्याला वाटणार, हे दुकान आता संपलं. मग ऑर्डर कोण देणार मला?"

नीट विचार केला तर ही फार मोठी अट आहे. जुन्या कारागिरांवरची कुठलीही फिल्म आठवून बघा. खिडकीतून येणारा प्रकाश, स्लो मोशनमध्ये सुरकुतलेले हात, मागे सारंगी, आणि शेवटी शटर खाली येतं. आपल्याला गहिवरून येतं, आपण शेअर करतो आणि विसरतो. त्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं असतं. म्हणून आम्ही ठरवलं, काका म्हणतात ते खरं आहे का, हे आधी तपासायचं. स्क्रीन प्रिंटिंग खरंच मरतंय का? याचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं.

जपानी कागद आणि पिठाची चाळण

स्क्रीन प्रिंटिंगची मूळ कल्पना स्टेन्सिलची. कागदाला भोक पाडा, वरून रंग फिरवा, भोकाच्या आकाराचा रंग खाली उमटतो. आपल्याकडे दारातल्या रांगोळीचे साचे याच तत्त्वावर चालतात. पण स्टेन्सिलला एक अडचण असते. इंग्रजी ‘ओ’ कापला की मधला गोल सुटून पडतो. त्याला धरून ठेवायला कुठेतरी पट्टी सोडावी लागते. पेंटर लोकांच्या पत्र्याच्या साच्यात अक्षरं मधेच तुटलेली दिसतात ती त्यामुळेच.

जपानमध्ये किमोनोच्या कापडावर नक्षी उठवण्यासाठी ‘कातागामी’ नावाचे कागदी साचे वापरत. हाताने केलेल्या कागदाचे थर एका प्रकारच्या फळाच्या, म्हणजे पर्सिमनच्या तुरट रसाने चिकटवायचे, मग तो कागद पाणी लागलं तरी टिकतो. आजच्या मिए प्रांतातलं शिरोको हे गाव या कामासाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या कारागिरांनी सुट्या तुकड्यांचा प्रश्न असा सोडवला की कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे घालायचे. धागा इतका बारीक की रंग त्याच्या आजूबाजूने खाली जातो आणि तुकडा मात्र जागचा हलत नाही. पुढे सुटे धागे घालण्याऐवजी साच्यावर रेशमी जाळीच चिकटवायची पद्धत आली.

युरोपात अशी जाळी आधीच तयार होती, पण वेगळ्याच कामासाठी. पिठाच्या गिरण्यांमध्ये पीठ चाळायला रेशमी कापड वापरत. एकसारखी भोकं, घट्ट वीण. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी रेशमी जाळीवर छपाई करण्याचं पेटंट घेतलं. आठ-दहा वर्षांत ही पद्धत अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. तिथे तिचा वापर सुरू झाला दुकानांच्या पाट्या, जाहिराती, कापडी झेंडे छापायला. म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग जन्मापासून पेठेतल्या दुकानासारखंच होतं. थोड्या प्रती, जाड शाई, कुठल्याही पृष्ठभागावर.

दुसऱ्या महायुद्धात रेशीम पॅराशूटसाठी लागायला लागलं. मग नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या जाळ्या आल्या आणि त्याच टिकल्या. आज काकांच्या फ्रेमवर रेशमाचा एक धागा नाही. पत्रिकेच्या बारीक अक्षरांसाठी ते सेंटिमीटरला १२० धागे असलेली पॉलिएस्टर जाळी घेतात, टी-शर्टसाठी त्याहून विरळ. तरीही जगभर लोक अजून ‘सिल्कस्क्रीन’च म्हणतात.

उजेडाने अक्षर कसं तयार होतं

आता प्रश्न असा की जाळीवर अक्षरं येतात कुठून? हा भाग शूट करताना आमची सगळ्यात जास्त परीक्षा झाली.

फ्रेमवर एक चिकट रसायन पातळ थरात लावतात, त्याला इमल्शन म्हणतात. ते अंधारात वाळवायचं. मग त्यावर काळ्या अक्षरांचा पारदर्शक कागद ठेवायचा, त्याला पॉझिटिव्ह म्हणतात, आणि वरून प्रखर उजेड द्यायचा. जिथे उजेड पडला तिथलं इमल्शन कडक होतं. काळ्या अक्षराच्या सावलीत राहिलेलं मऊ राहतं. पाण्याचा फवारा मारला की मऊ भाग वाहून जातो आणि जाळीत अक्षर मोकळं होतं. काकांकडे यूव्ही ट्यूबची पेटी आहे. पण लाइट गेले तर ते अजूनही फ्रेम घेऊन गच्चीवर जातात आणि उन्हात धरतात. घड्याळ लावत नाहीत. ऊन कसंय ते बघून आकडे मोजतात.

यातलं रसायनशास्त्र स्क्रीन प्रिंटिंगपेक्षाही जुनं आहे. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी दाखवलं की पोटॅशियम डायक्रोमेट लावलेल्या कागदावर उजेडाने चित्र उमटतं. १८५२ मध्ये फॉक्स टालबट यांनी जिलेटिनमध्ये डायक्रोमेट मिसळून त्याचा छपाईसाठी उपयोग करायचं पेटंट घेतलं. म्हणजे फोटोग्राफी आणि ही छपाई चुलत भावंडं आहेत. आम्ही फोनच्या सेन्सरवर उजेड पकडत होतो, काका जाळीवर.

पण त्यामुळेच पंचाईत झाली. इमल्शनला निळा आणि अतिनील उजेड चालत नाही, म्हणून त्या पडद्यामागच्या खोपटात फक्त पिवळा दिवा असतो. आमचा एलईडी लाइट आत नेला असता तर काकांची फ्रेम वाया गेली असती. तेव्हा तो सगळा भाग एका पिवळ्या बल्बवर शूट केलाय. फोनचं ऑटो व्हाइट बॅलन्स तो पिवळा रंग ‘सुधारायला’ जातं आणि दर दोन सेकंदाला रंग बदलतो, म्हणून तो लॉक करावा लागतो. बाहेरच्या खोलीत जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं नाही तर व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. कोणी असं दुकान शूट करणार असेल तर हे लिहून ठेवा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण सुंदर शॉटमध्ये ती दिसत नाही. जुन्या इमल्शनमध्ये जे डायक्रोमेट मिसळत, त्यात सहा संयुजेचं क्रोमियम असतं. ते कातडीला खातं, आणि त्याची गणना माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांमध्ये होते. काका वीस-बावीस वर्षांचे असताना हे मिश्रण हातानेच कालवायचे. हातमोजे वगैरे कोणी दिले नव्हते. त्यांच्या बोटांवर जुने खड्डे आहेत. आता डायक्रोमेट न लागणारी इमल्शन मिळतात आणि काका तीच वापरतात. ‘आजोबांच्या काळातली अस्सल पद्धत’ म्हणून आपण ज्याला नमस्कार करतो, त्यात हेही होतं. फिल्ममध्ये बोटांचा क्लोजअप आहे, पण त्यावर संगीत नाही. काका स्वतःच्या तोंडाने सांगतात की हे कशाने झालं.

खिळे, शिळा आणि फाँट

मराठीच्या बाबतीत या पद्धतीला आणखी एक महत्त्व आहे आणि ते कळायला छपाईचा आपला इतिहास थोडा बघावा लागतो.

धातूचे खिळे जुळवून छापायचं म्हटलं तर इंग्रजीला काम सोपं. देवनागरीत जोडाक्षरं, वरची मात्रा, खालचा उकार, रफार, सगळं धरून शेकडो खिळे लागतात. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर लिहून. दगडावर खिळ्यांची गरजच नव्हती. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर सुरू केला आणि त्यांच्या देखण्या खिळ्यांनी देवनागरी छपाईचं रूप बदललं. पण पेठेतल्या साध्या ट्रेडल मशीनवाल्याकडे एक-दोन वळणांचेच खिळे असायचे. म्हणून जुन्या लग्नपत्रिका बघा, सगळ्यांची अक्षरं एकमेकींची बहिणं वाटतात.

स्क्रीनवर तुम्ही हाताने लिहिलेलं काहीही छापू शकता. पेंटरने बोरूने ‘श्री गणेशाय नमः’ लिहिलं, ते पॉझिटिव्हवर घेतलं की झालं. काकांच्या मागच्या कपाटात अशी हाताने लिहिलेली शीर्षकं गठ्ठ्याने आहेत, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत. ‘शुभविवाह’, ‘साखरपुडा’, ‘वास्तुशांत’. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

मग आला कॉम्प्युटर. आणि इथे माझ्या धंद्याचा संबंध आला, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. नव्वदच्या दशकात मराठी डीटीपी म्हणजे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी आणि सी-डॅकची सॉफ्टवेअरं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण ती आपल्या टेबलावर नीट चालायला बरीच वर्षं गेली. तोपर्यंत या फाँटमध्ये एक जुगाड होता. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवतोय, फाँट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. फाँट काढला की समोर निव्वळ कचरा दिसतो.

काकांकडे सीडींचा डबा आहे. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं. फिल्मसाठी त्यातलं काही वाचायचं होतं, म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नुसतं एका चिन्हाला दुसरं चिन्ह लावून भागत नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘सूर्य’मधला रफार जुन्या फाँटमध्ये शेवटी येतो, युनिकोडमध्ये र आधी. हे सगळं उलटसुलट करून एकदाचं वाचता आलं. आणि वाचताना जाणवलं की एका पेठेचा वीस वर्षांचा इतिहास या डब्यात आहे. कोणाच्या पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ कधीपासून यायला लागलं, वधूच्या नावापुढे ‘बी.ई.’ कधी आलं, आईचं नाव वडिलांच्या बरोबरीने कधी छापलं गेलं. हे कुठल्या ग्रंथालयात नाही. सीडी खराब होतात, आणि ज्या गावोगावच्या दुकानांत असे डबे असतील तिथे ते वाचणारं कोणी नाही. माझ्या मते खरा धोका इथे आहे. छपाई टिकेल, पण जे छापलं गेलं ते आपण हरवून बसू.

नाव कोणाचं?

१९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती. सरकारने बेकार कलाकारांना काम द्यायला एक प्रकल्प काढला. त्यात न्यू यॉर्कच्या पोस्टर विभागात अँथनी व्हेलोनिस नावाचा तरुण होता. तोवर पोस्टर हाताने रंगवत. व्हेलोनिसने तिथे स्क्रीन आणली आणि आरोग्य, नाटक, राष्ट्रीय उद्यानं अशा विषयांवर भराभर पोस्टर निघायला लागली. त्यातली ९०० च्या वर पोस्टर आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत.

याच मंडळींना वाटलं की ‘सिल्कस्क्रीन’ म्हटलं की लोकांना दुकानाची पाटी आठवते. मग कलाकारांच्या छपाईला वेगळं नाव शोधलं गेलं, ‘सेरिग्राफ’. पद्धत तीच, शाई तीच, जाळी तीच. नाव बदललं की किंमत बदलते, हे तेव्हापासून चालू आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अँडी वॉरहॉलचं. त्याचे सूपच्या डब्यांचे ते प्रसिद्ध ३२ कॅनव्हास मुख्यतः हाताने रंगवलेले होते. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मॅरिलिन मन्रो गेली. ‘नायगारा’ या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला तिचा एक फोटो त्याने स्क्रीनवर घेतला आणि पुन्हा पुन्हा छापला. १९६४ च्या त्याच्या एका मॅरिलिनला २०२२ च्या लिलावात सुमारे १९ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. हे मी काकांना सांगितलं. ते फोनवर चित्र झूम करून म्हणाले, "रजिस्ट्रेशन हललंय." म्हणजे एका रंगावर दुसरा रंग बरोबर बसलेला नाही. आणि खरंच, वॉरहॉलने ते हललेलं मुद्दाम ठेवलं होतं. काकांनी तसं ठेवलं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.

अजून एक. १९६३ पासून वॉरहॉलच्या स्टुडिओत जेरार्ड मलांगा नावाचा मदतनीस होता. कापडाच्या छपाईचा अनुभव त्याला आधीपासून होता आणि त्या काळातल्या कित्येक चित्रांवर स्क्विजी ओढणारे हात त्याचेही आहेत. अभ्यासकांना तो माहीत आहे, बाकी कोणाला नाही.

हे वाचलं आणि आमच्या पहिल्या दोन दिवसांच्या फुटेजकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघितलं. स्क्रीनचं काम दोघांचं असतं. एक जण शाई ओढतो, दुसरा छापलेला कागद उचलून रॅकवर ठेवतो आणि नवा कागद खुणेला लावतो. शाई ओली असते, बोट लागलं की कागद गेला. दुकानातल्या मावशी हे तेवीस वर्षं करतायत. एक काळजीने उचललेला कागद आणि एक बेफिकीरपणे ठेवलेला कागद यावरच ऑर्डर ठरते. पण कॅमेरा आपोआप स्क्विजीकडे जातो, कारण तिथे हालचाल मोठी आणि आवाज छान. मग तिसऱ्या दिवशी एक फोन फक्त मावशींच्या बाजूला लावला. दिवसभर. फिल्ममधला माझा सगळ्यात आवडता शॉट त्यातलाच आहे. त्या नवा कागद ठेवायच्या आधी हात पदराला पुसतात, प्रत्येक वेळी. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कधी? मी नाही पुसत." श्रेयनामावलीत त्यांचं आणि काकांचं नाव एकाच ओळीत, एकाच आकारात येणार आहे.

फाळके आणि वाटाणा

आपल्याकडे छपाई आणि सिनेमा यांचं नातं तसं जुनं आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते. राजा रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी लिथोचं काम केलं, १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं यासाठी जर्मनीला जाऊन आले, पुढे भागीदारांशी न पटल्याने छापखाना सोडला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला हे आपल्याला शाळेत शिकवतात. पण त्याआधी भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा लावायचा, त्याच्यासमोर कॅमेरा ठेवायचा आणि थोड्या थोड्या फ्रेम घेत रोपाची वाढ पडद्यावर दाखवायची. १९१७ मध्ये त्यांनी आणखी एक फिल्म केली, चित्रपट कसे तयार होतात याविषयीची. त्यातला काही भाग आजही बघायला मिळतो, आणि त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात.

मला यातलं काय आवडतं सांगू? फाळक्यांनी ‘हे कसं होतं’ एवढंच दाखवलं. वाटाण्याबद्दल हळहळ नाही. आम्हीही मग तोच मार्ग धरला. ३०० पत्रिकांची एक ऑर्डर, फोन येण्यापासून गठ्ठा बांधण्यापर्यंत, क्रमाने. रॅकवर पत्रिका भरत जातात तो भाग टाइमलॅप्स केलाय. तो फाळक्यांना नमस्कार समजा.

मग मरतंय काय?

आता काकांच्या अटीकडे येऊ. ते खरं बोलत होते का?

लग्नपत्रिकांची कामं कमी झाली आहेत, हे ते स्वतःच सांगतात. २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, पत्रिका व्हॉट्सअॅपवर गेली आणि बऱ्याच घरांतून ती परत कागदावर आलीच नाही. आता लोक देवापुढे ठेवायला आणि जवळच्या वडीलधाऱ्यांना द्यायला तेवढ्या छापतात. मोठे बॅनर फ्लेक्सने नेले. एक-दोन टी-शर्ट हवे असतील तर डिजिटल मशीन स्वस्त पडतं.

पण दुसरी बाजू बघा. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली आणि दुकानांना नाव छापलेल्या कापडी पिशव्या लागायला लागल्या. त्या कशावर छापणार? स्क्रीनवर. ढोलपथकांचे कुर्ते, मंडळांचे टी-शर्ट, वारीतल्या दिंडीच्या पिशव्या, स्टीलच्या बाटल्या, काचेचे कप. सगळं स्क्रीन. निवडणुकीत उपरणी आणि टोप्या. निवडणुकीच्या पत्रकांवर आणि पोस्टरवर मुद्रकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार सक्तीचं आहे. काका हसून म्हणतात, "माझं नाव फक्त तेव्हाच छापून येतं, तेही कायद्याच्या भीतीने."

गणित साधं आहे. डिजिटलमध्ये तयारीचा खर्च जवळजवळ शून्य, पण प्रत्येक नगाचा खर्च जास्त. ऑफसेटमध्ये तयारी महाग आणि नग स्वस्त, पण ते कागदासारख्या सपाट पातळ गोष्टींसाठी. स्क्रीन या दोघांच्या मधे बसतं. पन्नास ते हजार-दोन हजार नग, आणि पृष्ठभाग कुठलाही. शिवाय शाईचा थर ऑफसेटच्या कितीतरी पट जाड बसतो, म्हणून गडद मरून कागदावर सोनेरी अक्षर उठून दिसतं.

आणि कारखान्यांत तर ही पद्धत जोरात आहे. तुमच्या छतावरच्या सोलर पॅनेलमधल्या चंदेरी बारीक रेषा आहेत ना, ती चांदीची पेस्ट बहुतेक ठिकाणी स्क्रीन प्रिंटिंगनेच लावतात. घरी साखर तपासायच्या पट्ट्यांवरचे इलेक्ट्रोड अनेकदा याच पद्धतीचे असतात. सर्किट बोर्डवर जी पांढरी अक्षरं असतात, आर-१, सी-२, त्या थराला आम्ही इंजिनियर आजही ‘सिल्कस्क्रीन’ म्हणतो. बीटेकला असताना किकॅडमध्ये बोर्ड काढताना मी तो शब्द शेकडो वेळा वापरला, पण तो कुठल्या सिल्कबद्दल आहे हा प्रश्न कधी पडला नव्हता. आता बऱ्याच ठिकाणी ती अक्षरं इंकजेटने छापतात. नाव मात्र रेशमाचंच राहिलंय.

म्हणजे पद्धत मरत नाहीये. कमी होतेय ती कागदी पत्रिका, आणि तिच्याबरोबर पेठेतल्या दुकानाची आतापर्यंतची कमाई. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कला लोप पावतेय’ म्हटलं की आपण हात जोडून मोकळे होतो. ‘या माणसाची पत्रिकांची कामं गेली, पिशव्यांची आली, भाडं वाढलं, मुलगा दुसऱ्या नोकरीत आहे आणि मावशींना पेन्शन नाही’ असं म्हटलं की प्रश्न खरा होतो आणि त्यावर काहीतरी करता येतं. आमच्या फिल्ममध्ये भाड्याचाही आकडा आहे, पिशवीमागे काय सुटतं तोही आहे. काकांनी स्वतः वही उघडून दाखवलाय.

आता तुमच्यासाठी एक काम. घरातल्या जुन्या पत्रिका काढा आणि मोठ्या अक्षरांवरून डोळे मिटून बोट फिरवा. शाई कागदाच्या वर उठलेली लागली तर ते स्क्रीन असण्याची शक्यता जास्त. उलट अक्षर कागदात खाली दाबलेलं लागलं तर ते खिळ्यांचं. मग फोनच्या मॅक्रो लेन्सने अक्षराची कड बघा. जाळीच्या धाग्यांमुळे स्क्रीनच्या छपाईत कधी कधी कडेला बारीक दाते दिसतात. आणि पत्रिकेच्या मागे खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव आहे का तेही बघा. असेल तर फोटो काढून तारखेसकट जपून ठेवा. जुन्या डीटीपीच्या सीडी कोणाकडे असतील तर मला जरूर लिहा, वाचायचा प्रोग्रॅम मी मोफत देईन.

फिल्मचा कच्चा कट मागच्या रविवारी दुकानातच दाखवला, जाळी वाळवायच्या रॅकला पांढरा कागद लावून. मावशींनी दोनदा बघितला. काकांनी एकच बदल सांगितला. शेवटी काळ्या पडद्यावर आम्ही दुकान सुरू झाल्याचं वर्ष टाकलं होतं. ते म्हणाले, "वर्ष राहू दे, पण त्याच्याखाली वेळ टाका. साडेदहा ते आठ, गुरुवारी बंद."

टाकलीय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.